शुक्रवारचं चित्र

आई हातातल्या पाटल्या काढून कॉम्प्युटरसमोर बसली की समजायचं, आज शुक्रवार.

पाटल्या कॅमेऱ्यात चमकतात आणि बोटं दिसत नाहीत, म्हणून त्या काढायच्या. साडी गडद निळी, बिनबुट्ट्यांची, कारण फुलाफुलांच्या साडीवर हात हरवतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दोन-चार शुक्रवारांत तिचं तिनंच हेरलं होतं. माझ्या बायकोनं, मंदानं, ती साडी एकदा हळदीकुंकवाला मागितली, तर आईनं तिच्याकडे असं पाहिलं की मंदा पुन्हा त्या साडीच्या वाटेला गेली नाही.

“लाव,” आईनं मला हातानं सांगितलं. मी नंबर लावला. मोडेम किरकिरायला लागला तसा तिनं त्या डबीवर तळहात ठेवला. तिला ऐकू येत नव्हतं, पण डबी थरथरायची थांबली की लागलं, हे तिला माझ्याआधी कळायचं. मग पडद्यावर एक छोटी चौकट उघडली आणि तिच्यात, बहारीनच्या एका खोलीत, मागे पांढरी चादर टांगून बसलेली माझी धाकटी बहीण कुंदा दिसायला लागली.

आईचे कान लहानपणी तापात गेले, आणि बोलणंही त्यांच्यामागून गेलं. कुंदा जन्मतःच तशी. याचा त्याचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणायचे, आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. घरात ऐकणारे आम्ही दोघेच, वडील आणि मी, आणि आमचं कोण ऐकतंय. घराची भाषा हातांचीच होती. तीही मूकबधिर शाळेत शिकवतात ती नव्हे. आईनं स्वयंपाकघरात बसून घडवलेली, आमच्या उंबऱ्याबाहेर कुणाला न कळणारी. माझं मिरजेत टायपिंगचं इन्स्टिट्यूट, म्हणून हवेत बोटं बडवली की तो मी. मंदा म्हणजे नाकातली चमकी. कामापुरतं मला सगळं यायचं, पण आई आणि कुंदाचे हात एकदा सुरू झाले की मी आपला पेपर उघडून बसायचो. त्या दोघींच्या वेगाला वडीलही, होते तोवर, कधी पोचले नाहीत.

कुंदाचं लग्न उशिरा जमलं. अरविंदराव बिजवर होते, बहारीनला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. ऐकणारे-बोलणारे, स्वभावानं गरीब, निर्व्यसनी. जेवण, झोप, बाहेर जाऊ, उशीर होईल अशा थोड्या खुणा ते कुंदाकडून शिकले होते आणि संसाराला तेवढ्या पुरतात असं त्यांचं मत होतं. कुंदाला शाळेत लिहायला शिकवलं होतं, पण ते पोस्टाच्या तारेसारखं. मी ठीक. तू ठीक. पाऊस आला. पत्रात काय, मेलमध्ये काय, जगाला ती ठीकच असायची. खरं काय ते ती हातांनी बोलायची, आणि तेही आईशी.

म्हणून सुट्टीवर येताना अरविंदरावांनी तो कॅमेरा आणला, तेव्हा मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. मिरजेत इंटरनेट नवंनवं आलं होतं. आणणारा माझाच जुना विद्यार्थी, अभय मगदूम. कंपनीला त्यानं मोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण गाव त्याला मगदूमचं नेट म्हणायचं. मी घरगुती स्कीम घेतली. कितीही वेळ वापरा, असं त्याच्या पाटीवर लिहिलं होतं.

चित्र काही सिनेमासारखं हलायचं नाही. एक चित्र यायचं, जरा दम खायचं, मग दुसरं यायचं. पहिल्या शुक्रवारी दोघींचे हात नेहमीच्या वेगानं सुटले आणि पडद्यावर नुसता धूर झाला. दुसऱ्या शुक्रवारी कुंदानं युक्ती काढली. एक खूण करायची आणि हात तिथंच धरून ठेवायचा. पलीकडं चित्र पोचलं की समोरच्यानं मान हलवायची. मग पुढची खूण. एक वाक्य पुरं व्हायला चहा गार व्हायचा, पण पोचायचं. आई तर त्यात इतकी तरबेज झाली की घरात मंदाशी बोलतानाही हात धरून ठेवायला लागली. मंदा म्हणायची, “आई मला कॅमेरा समजायला लागल्यात.”

त्या शुक्रवारी कुंदानं हवेत बोटं बडवली, मग गाल फुगवून धरले. दादा जाड झाला. आई हसली. मग कुंदानं पोटावर हात ठेवला आणि तो हात तिथून हलवलाच नाही. चित्र बदललं तरी हात तिथंच. आईनं मान हलवली, पुन्हा हलवली, आणि मग दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागली. मी म्हटलं, अगं हात काढ, तिला तुझं तोंड दिसत नाही. तेव्हा ती हसत-रडत बसली आणि कुंदाला ते सगळं तुकड्यातुकड्यानं दिसलं असणार.

चैत्र नुकता संपला होता.

पुढचे शुक्रवार सुखाचे गेले. काय खावंसं वाटतं, कुठल्या कुशीवर निजतेस, रात्री झोप लागते का. कुंदाला परसातल्या शेवग्याच्या शेंगांची आमटी खावीशी वाटत होती. ते झाड आईनं लावलेलं, आमच्या खिडकीला लागूनच. आईनं एकदा शेंगांची जुडीच कॅमेऱ्यापुढं धरून तिला चिडवलं. कुंदानं तिकडून ओरबाडून घेतल्यासारखं केलं.

मग प्रश्न आला तो बाळंतपणाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे विचारायची गोष्टच नाही. सातव्यात आणायची, असं आईनं मनाशी ठरवून टाकलं होतं. अरविंदरावांची मेल आली की इथं दवाखाना मोठा आहे, थंडगार आहे, विमानातून कशाला दगदग करायची. मी ती आईला सांगितली. आईनं शांतपणे ऐकून घेतली, म्हणजे पाहून घेतली, आणि म्हणाली, “तिला विचारीन. ये म्हणाली तर तू जाऊन आणायचीस. नको म्हणाली तर मी पुन्हा बोलणार नाही.” यावर मंदा आणि मी दोघांनीही मान डोलावली. नवऱ्याचं आणि भावाचं मत मेलमधून कळतं. कुंदाचं मत कुंदाच्या हातांतूनच कळणार होतं.

ज्या शुक्रवारी आई ते विचारायला बसली, त्याच शुक्रवारी चित्र अडकलं.

म्हणजे लागलं सगळं नेहमीसारखं. डबी थरथरली, थांबली. चौकट उघडली. कुंदाचं चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायला लागलं. कपाळ आलं, डोळे आले, आणि हनुवटीशी येऊन थांबलं. आईनं खूण धरली: घरी. हात दुखेपर्यंत धरली. पलीकडून मान हलली की नाही कळेना, कारण पलीकडं तोच चेहरा, तसाच. बऱ्याच वेळानं दुसरं चित्र आलं, त्यात कुंदाचा एक हात वर होता आणि पंजाचा नुसता धूर. मग फोनच तुटला.

मी मगदूमच्या ऑफिसात फोन केला. तक्रारींना एक मुलगी होती, आवाज साखरेचा. तिनं माझा नंबर विचारला, थोडं थांबली आणि म्हणाली, “सर, आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. तुमच्या लाइनीत खरखर आहे. टेलिफोनवाल्यांना दाखवा.”

टेलिफोनवाले म्हणजे आमच्या भागाचा लाइनमन शिकलगार. चहा घेतल्याशिवाय शिडी न लावणारा माणूस. त्यानं खांबापासून घरापर्यंतची वायर बदलून दिली. पुढच्या शुक्रवारी तेच. पुन्हा फोन, पुन्हा साखर. “पावसाचे दिवस आहेत सर, जोडणीत पाणी गेलं असेल.” शिकलगारनं खांबावरची जोडणीची डबी उघडली, पुसली, मेण लावून बंद केली. पुढच्या शुक्रवारी तेच. मी मोडेम बदलला. भिंतीतली जुनी वायर उपसून नवी घातली, घराला भगदाड पडलं ते वेगळंच. मगदूमला स्वतःला सांगा म्हटलं तर ती मुलगी म्हणायची, “सांगितलंय सर, साहेब बघतायत.” मला वाटलं, जुना विद्यार्थी आहे, बघत असेलच.

आईला यातलं एकच कळत होतं. ती दर शुक्रवारी साडी नेसून, पाटल्या काढून बसत होती आणि घरी हा एवढा एकच शब्द तिला पलीकडं पोचवता येत नव्हता. मध्येच ती माझ्याकडे वळून विचारायची, रागावली का माझ्यावर? मी म्हणायचो, नाही गं, तार खराब आहे. तिनं ते मानलं. तार तिला कळत होती. तार तुटते, भिजते, तिच्यावर कावळा बसतो.

आखाड सरता सरता एका शुक्रवारी एक चित्र पुरं आलं. कसं कोण जाणे, पण वरपासून खालपर्यंत आलं. कुंदा सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. मंदा म्हणाली, “बघा, काय छान भरल्यात वन्सं. गाल कसे आलेत.” मलाही तसंच दिसलं. आई खुर्चीवरून उठली आणि पडद्याला नाक लागेल इतकी पुढं गेली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं स्वतःचे गाल दोन्ही हातांनी दाबून धरले आणि नाही नाही अशी मान हलवली.

“ही भरलेली नाही,” तिनं सांगितलं. “ही सुजलीय.”

मी म्हटलं, चित्र तसंच येतं, चपटं. तिनं माझा हात बाजूला सारला. मग तिनं मला आक्काची गोष्ट सांगितली. आक्का तिची थोरली बहीण. मला नुसतं नाव माहीत होतं. आठव्या महिन्यात तिचं तोंड असंच सुजलं, सगळे म्हणाले बाळसं धरलंय. मग पाय. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे यायला लागले. एका सकाळी चुलीपुढं तिला झटका आला आणि पोटातल्यासकट गेली. आई तेव्हा लहान होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, सांगणार तरी कसं, पण तिनं सगळं पाहिलं होतं.

“तीन गोष्टी विचारायच्या,” आई म्हणाली. “पाय. डोकं. काजवे.”

मी त्याच दिवशी मेल टाकली. अरविंदरावांचं उत्तर दुसऱ्या दिवशी हजर. तसे ते फार तत्पर. डॉक्टरांना दाखवलंय, मीठ कमी करा म्हणाले, पाय थोडे सुजतात पण सगळ्यांचेच सुजतात. कुंदाला विचारलं, ती म्हणते ठीक. खाली कुंदानं स्वतः दोन शब्द टाइप केले होते. मी ठीक.

मी ते आईला सांगितलं तेव्हा माझाच जीव हलका झाला होता. आईचा झाला नाही. “ठीक आहे तर इतके हात का हलवते?” तिनं विचारलं. ते मात्र खरं होतं. मागच्या तिन्ही शुक्रवारी जी काय एक-दोन तुटकी चित्रं आली, त्यांत कुंदाचे हात वर होते. ती काहीतरी सांगत होती. धरून ठेवायचंही भान राहिलं नव्हतं तिला, किंवा तिनं धरले होते आणि आमच्याकडंच पोचत नव्हते.

अरविंदराव वाईट नव्हते, हे मी आजही म्हणतो. बायको शेजारी बसून हातवारे करते आणि आईशी बोलते, एवढंच त्यांना दिसायचं. ती काय बोलते हे त्यांना कळत नव्हतं, आणि इकडं ज्यांना कळलं असतं त्यांना दिसत नव्हतं.

मी पुन्हा त्या मुलीला फोन केला. या वेळी मी जरा चढ्या आवाजात बोललो. ती घाबरली असावी. म्हणाली, “सर, वायरीला एखादं झाड लागतंय का बघा. ओल्या फांद्या लागल्या की स्पीड पडतो.”

झाड होतंच. खांबावरून येणारी वायर शेवग्यातूनच घरात यायची. शिकलगारला दाखवलं तर तो वर बघून म्हणाला, “लागतंय की वो. हे तर वायरीला मिठी मारून बसलंय. ह्येच असणार.” त्यानं दोन फांद्या छाटल्या. आई दारात उभी होती. छाटलेल्या फांद्यांवरच्या शेंगा तिनं गोळा केल्या आणि गल्लीत वाटल्या. त्या शुक्रवारी चित्र आलंच नाही, नुसतं कपाळ आलं.

शनिवारी सकाळी मी इन्स्टिट्यूटला निघालो होतो, तेव्हा आई कोयता घेऊन परसात उभी दिसली. तिनं डावा हात कोपरापासून उभा धरला, बोटं पसरली. ही आमच्याकडची झाडाची खूण. मग उजव्या तळहाताची कड कोपरावर मारली.

“सगळं,” ती म्हणाली. “बुंध्यापासून.”

मी म्हटलं, वरच्या फांद्या काढू, एवढं नको. माझं लग्न झालं त्या साली लावलेलं झाड ते. पण आईनं कोयता माझ्या हातात दिला आणि पदर खोचून बाजूला झाली. शेवग्याला तोडायला वेळ लागत नाही, लाकूड भुसभुशीत असतं. शिकलगार आणि मी मिळून ते दुपारच्या आत आडवं केलं. खिडकीत एकदम उजेड आला, इतका की मंदाला पडदा लावावा लागला. आईनं त्या संध्याकाळी आमटी केली नाही. शेंगा तशाच पडून राहिल्या.

पुढचा शुक्रवार गौरी आणायच्या आदल्या दिवशी आला. घरात आवराआवर चालली होती, पण आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. वायर आता खांबापासून घरापर्यंत मोकळ्या आकाशातून येत होती, पान म्हणून आडवं नव्हतं. मी नंबर लावला. आईनं डबीवर हात ठेवला. लागलं.

तासाभरात तीन चित्रं आली. पहिल्यात कुंदाचा तळवा कपाळावर होता. आईनं लगेच खूण धरली: डोकं? दुसऱ्यात खुर्ची अर्धी रिकामी, चादर आणि खांद्याचा तुकडा. आईनं पुन्हा धरली. तिचा दंड थरथरायला लागला, मी खालून आधार द्यायला गेलो तर तिनं मला झिडकारलं. तिसरं चित्र यायला इतका वेळ लागला की मला वाटलं फोन तुटला. मग ते उतरायला लागलं. कपाळ. त्याखाली डोळ्यांशी धरलेले दोन्ही पंजे, बोटं फाकलेली. तिथंच थांबलं.

ती रडत होती, की डोळ्यांपुढं काय दिसतंय ते सांगत होती, मला कळेना. आईला कळलं. ती उठली, माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि मला ओढत टेलिफोनपाशी नेलं.

मी नेट तोडून बहारीनला फोन लावला. अरविंदराव पलीकडं खोलीतच होते. मी एका दमात सांगितलं: डोकं, काजवे, सूज, आत्ता दवाखान्यात न्या. ते म्हणाले, “दादा, आज शुक्रवार, इथली सुट्टी, आमचे डॉक्टर नाहीत. आणि घाबरायचं काही नाही, ती आत्ता कॉम्प्युटरसमोरच बसलीय, हातवारे चाललेत तिचे. रविवारची वेळ घेतलेली आहे.” मी म्हटलं, आजच न्या, कुठल्याही डॉक्टरकडे न्या. ते बरं म्हणाले. संध्याकाळी नेतो म्हणाले.

संध्याकाळी कुंदा झोपली होती, म्हणून उठवली नाही. शनिवारी सकाळी तिला झटका आला. मोठ्या, थंडगार दवाखान्यात ती दुपारपर्यंत होती. मूल मुलगी होती, तीही राहिली नाही. फोन आला तेव्हा मंदा गौरींच्या हातात बांगड्या घालत होती. आईला सांगायला लागलंच नाही. मी फोन ठेवून वळलो, तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळाचं कुंकू, वडील गेल्यापासून जे नव्हतंच, ते पुसल्यासारखा हात फिरवून जमिनीवर बसली.

तिला इकडं आणता आलं नाही. आम्हाला तिकडं जाता आलं नाही.

दहाव्याच्या आसपास अभय मगदूम भेटायला आला. मुलगा चांगलाच. माझ्याकडे टायपिंगला होता तेव्हाही वेळेवर यायचा. सतरंजीवर बसला, पाणी घेतलं, डोळे पुसले. आई भिंतीला टेकून समोर बसली होती. त्यानं तिला नमस्कार केला.

“सर, मला माहीतच नव्हतं हो,” तो म्हणाला. “तुमच्या ताई नेटवरून हातांनी बोलायच्या, हे मला परवा आमच्या तक्रारीच्या मुलीकडून कळलं. एकदा मला घरी फोन केला असता तर...”

मी म्हटलं, तुला निरोप दिले होते. लाइन खराब होती. सगळं करून पाहिलं.

 तो खाली बघून सांगायला लागला. पुण्याहून त्याला एकच लाइन यायची. दहावीच्या निकालाला सगळं गाव तिच्यावर तुटून पडलं, बँक ओरडायला लागली, कॉलेज ओरडायला लागलं. तेव्हा त्यानं मशीनला सांगून टाकलं, घरगुती स्कीममध्ये जे फार ओढतात त्यांचा वेग आपोआप खाली आणायचा. “नळ जरा बारीक केला सर, सगळ्यांना पुरावं म्हणून. मला नावं दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात. चित्रं पाठवणारे तुम्हीच होता, त्यामुळं तुमचा नंबर सगळ्यांत वर होता.” आणि लोकांना काय सांगायचं, म्हणून मुलींना लाइनचं सांगायला शिकवलं होतं. सगळेच तसं करतात, म्हणाला.

 मला राग यायला हवा होता. पण मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो, एखादं गणित दुसऱ्यानं सोडवून दाखवावं तसा.

“आज सकाळी मी स्वतः तुमचा नंबर त्यातून काढला,” तो म्हणाला. “आता एकदम फास्ट चालेल सर. बघा तुम्ही.”

एवढा वेळ आई त्याच्या ओठांकडे आणि माझ्या चेहऱ्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. हा काय म्हणतो?

आता इतकी वर्षं झाली. आई नाही. माझी नात परदेशातून फोनवर दिसते, तिच्या कानातलं डूल हललेलं कळतं. मंदा मला हाक मारते, या ना, बोला, आणि मी काहीतरी काम काढून उठतो. त्या दिवशी मात्र उठता आलं नाही. वेगाला आमच्याकडे खूण नव्हती, कंपनीला नव्हती, नंबराला नव्हती. पण नळाला होती. मी तार दाखवली, आणि तार म्हणजे नळ असं सांगितलं. नळ सोडलेला दाखवला. मग तो पिळत पिळत बारीक केला, थेंब थेंब.

तिला चटकन कळलं. कुणी, तिनं विचारलं.

मी अभयकडे बोट केलं. आमचं काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं. आपल्याविषयी बोलतायत एवढं समजून त्यानं पुन्हा एकदा आईला हात जोडले.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता त्याच्या अंगावर जाईल. वाटलं, जावं. पण तिचं लक्ष त्याच्यावरून उडालं. त्याच्या डोक्यावरून मागे, खिडकीकडं गेलं. तिथं उजेड होता आणि उजेडाच्या खाली बुंध्याचा ओला गोल होता.

तिनं डावा हात कोपरापासून उभा धरला, बोटं पसरली. मग? झाड?

माझे दोन्ही हात मांडीवर होते. ते वर येईनात. माझ्यापर्यंत पोचलं नाही असं तिला वाटलं असावं, कारण तिनं हात खाली घेतला नाही. चित्र बदलायची वाट बघावी तसा, तिनं तो तिथंच धरून ठेवला.